सायप्रसची हिरवी रेषा

डिसेंबर १९६३ मध्ये निकोसियात ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत दंगली उसळल्या. ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढून दोन्ही वस्त्या वेगळ्या केल्या. 'हिरवी रेषा' हेच नाव रूढ झाले. १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरले आणि ही रेषा सुमारे १८० किलोमीटर लांबीचा, बेट दुभागणारा निर्लष्करी पट्टा बनली. जुन्या निकोसियाच्या गल्ल्यांत तो जेमतेम काही मीटर रुंद, तर इतरत्र सात किलोमीटरपर्यंत. आतल्या बंद विमानतळावर एक ट्रायडंट विमान गंजत उभे आहे. पिला गावात मात्र दोन्ही समाज आजही शेजारी राहतात. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना इथे १९६४ पासून आहे. तिचे प्रमुख असतानाच भारताचे जनरल थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसमध्ये वारले. २००३ पासून ठरावीक नाक्यांवर ओळखपत्र दाखवून पलीकडे जाता येते.