फुकटातला फुटबॉल, तोही कीबोर्डवर!

गेम फुकट वाटायचा आणि तरी पैसा कमवायचा, हे ईए स्पोर्ट्सच्या फुटबॉलला पहिल्यांदा जमलं ते दक्षिण कोरियात. साल २००६. जर्मनीतला वर्ल्डकप तोंडावर आला होता. मे महिन्यात ईएने निओविझ या कोरियन कंपनीला सोबत घेऊन ‘फिफा ऑनलाइन’ सुरू केला. आतला गाभा ‘फिफा ०६’चाच, पण खोका विकत घ्यायची गरज नाही. डाउनलोड करा आणि थेट मैदानात उतरा! कमाई व्हायची ती गेममधल्या वस्तू विकून. खेळाडूंची कार्डं विकणाऱ्या ज्या ‘अल्टिमेट टीम’ प्रकाराने पुढे ईएच्या तिजोऱ्या भरल्या, ती आली २००९ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी.

कोरियाच का? कारण जपानी मनोरंजनाच्या मालावर तिथे कित्येक दशकं बंधनं होती. प्लेस्टेशन २ अधिकृतपणे पोचला तोच २००२ मध्ये. तोवर पोरांचा अड्डा ठरून गेला होता : पीसी बांग, म्हणजे तासाप्रमाणे पैसे देऊन खेळायचे कम्प्युटर कॅफे. शिवाय सीडीवरचे गेम सर्रास कॉपी व्हायचे. पण जो गेम फुकटच आहे आणि कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, त्याची चोरी कोण आणि कशाला करणार?

याच कॅफेंनी खेळायची पद्धतही घडवली. बाकी जग कंट्रोलर हातात धरून फुटबॉल खेळतं. कोरियातले पट्टीचे खेळाडूसुद्धा कीबोर्डवर. उजवा हात बाणांच्या बटणांवर, डावा अक्षरांवर. ‘एस’ दाबला की पास, ‘डी’ म्हणजे गोलवर फटका, ‘डब्ल्यू’ने बचावफळी चिरत जाणारा थ्रू पास, आणि करंगळीजवळच्या ‘ए’ने उंच क्रॉस. बाणांनी आठच दिशांना पळता येतं, तरी ही मंडळी त्यातून जी नजाकत काढतात ती बघत राहावी अशी!

दुसरी आवृत्ती २००७ची. डिसेंबर २०१२ मध्ये तिसरी आली आणि कोरियातला कारभार नेक्सॉन या कंपनीकडे गेला. २०१८च्या मे महिन्यात, पुन्हा वर्ल्डकपच्या आधी, चौथी. पश्चिमेकडेही प्रयत्न झाला : २०१३चा ‘फिफा वर्ल्ड’. तो २०१५ मध्ये गुंडाळावा लागला.

खरी झिंग आहे ती गेममधल्या फुटबॉलपटूंच्या कार्डांची. तुमच्याकडचं कार्ड दुसरी कार्डं खर्ची घालून ‘वाढवायचं’ : एक, दोन, तीन अशा पायऱ्या चढवत. जमलं तर खेळाडू भन्नाट पळतो, फसलं तर कार्ड खाली घसरतं. वरची पायरी गाठायची शक्यता कमी कमी होत जाते, आणि खिसा नेमका तिथेच रिकामा होतो. हा जुगाराच्या फार जवळचा प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्च २०२४ पासून कोरियात कायदाच झाला : नशिबावर मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूची शक्यता किती टक्के, हे कंपन्यांना जाहीर करावंच लागतं. असा नियम सगळीकडे हवा.

आता पदकांची गोष्ट. ईए आणि फिफा यांची तीन दशकांची सोबत संपली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गेमचं नाव झालं ‘एफसी ऑनलाइन’. त्याच महिन्यात चीनमधल्या हांगझोऊ एशियाडमध्ये हा गेम चक्क पदकासाठी खेळला गेला. भारताकडून चरणजोत सिंग आणि करमन सिंग टिक्का उतरले होते. अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना थायलंडच! तीदेच सोंगसाइसाकुल याने सुवर्ण जिंकलं. ज्या देशात हा गेम जन्मला, त्या कोरियाच्या वाट्याला आलं क्वाक जुन-ह्योकचं कांस्य. एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या कोरियन पुरुषांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. त्याच स्पर्धेत ‘लीग ऑफ लेजंड्स’ या दुसऱ्या गेमच्या कोरियन संघाने ती मिळवली, कांस्यपदकाला ती सूट नाही.