मान्यता आणि मैत्री : इस्रायल व पाकिस्तान



पाकिस्तानच्या पासपोर्टावर एक ओळ छापलेली असते. हा पासपोर्ट इस्रायलखेरीज जगातील सर्व देशांसाठी ग्राह्य आहे, अशा अर्थाची ती ओळ आहे. पाकिस्तानच्या आपल्या भारताशी लढाया झाल्या, पण पासपोर्टावर नाव घेऊन वगळलेला देश मात्र इस्रायल. या दोन देशांची हद्द कोठेही एकमेकांना लागत नाही. दोघांनी एकमेकांविरुद्ध कधी युद्ध पुकारलेले नाही. मग हा अबोला कशाचा? आणि सरकारांचा अबोला असला म्हणजे माणसांचीही मैत्री होत नाही की काय? आज याचाच विचार करू.

प्रथम ‘मान्यता’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. वर्तमानपत्रात तो नेहमी येतो, पण त्याचा अर्थ पुष्कळदा मैत्री असाच घेतला जातो. तसा तो नाही.

शेतीचेच उदाहरण घ्या. तुमच्या बांधाला लागून एक शेत आहे. ते कोणी तरी कसतो, पीक काढतो. हे शेत त्याचे आहे असे तुम्ही कबूल केलेत, की झाली मान्यता. त्याच्याशी तुमचे बोलणे नसेल, पाटाच्या पाण्यावरून कज्जा चालू असेल, तरी शेत कोणाचे हे तुम्ही नाकारीत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे जाणे-येणे, निरोप धाडणे, अडीअडचणीला माणूस पाठविणे. देशादेशांत यालाच राजनैतिक संबंध म्हणतात. एकमेकांच्या राजधानीत वकिलात उघडायची, राजदूत नेमायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला परवाना द्यायचा. आणि मैत्री ही तिसरीच गोष्ट. ती माणसामाणसांत होते. सरकारी हुकुमाने ती जुळत नाही, आणि हुकुमाने मोडतेच असेही नाही.

या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत, याला आपल्याच देशाचा दाखला आहे. भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली. पण दोन्ही देशांत पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते २९ जानेवारी १९९२ रोजी. मधली एकेचाळीस वर्षे पहिल्या पायरीवरच गेली. मुंबईत इस्रायलची एक छोटी वाणिज्य कचेरी होती, तेवढाच काय तो दुवा. पाकिस्तानने इस्रायलच्या बाबतीत यांतली पहिली पायरीही चढलेली नाही.

आता याचे कारण पाहू. पाकिस्तान १४ ऑगस्ट १९४७ रोजी जन्मास आले. इस्रायल १४ मे १९४८ रोजी. दोहोंत अवघ्या नऊ महिन्यांचे अंतर. दोन्ही ठिकाणांहून इंग्रज काढता पाय घेत होता. दोन्ही ठिकाणी धर्माने ओळखल्या जाणाऱ्या समाजासाठी वेगळे राज्य मागितले गेले, भूमीची वाटणी झाली, आणि लाखो लोक घरदार सोडून परागंदा झाले. वरवर पाहता ही दोन राज्ये एकमेकांचे दुःख ओळखतील असे वाटावे.

तसे झाले नाही. पाकिस्तान निर्माण होण्यापूर्वीच, मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगचे जे प्रसिद्ध अधिवेशन झाले, त्यात पॅलेस्टाईनमधील अरबांच्या बाजूने ठराव झालेला होता. पुढे २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाईनच्या फाळणीवर मतदान झाले. ३३ देश फाळणीच्या बाजूने, १३ विरुद्ध आणि १० तटस्थ राहिले. विरुद्ध मत देणाऱ्यांत पाकिस्तान होते, आणि भारतही होता, हे लक्षात ठेवा. पाकिस्तानतर्फे सर जफरुल्ला खान यांनी अरबांची बाजू मोठ्या हिरीरीने मांडली.

तुम्ही विचाराल, ज्या देशाचा जन्म फाळणीतून झाला त्याने दुसरीकडच्या फाळणीला विरोध का करावा? पाकिस्तानचे उत्तर असे की, पॅलेस्टाईनमध्ये बहुसंख्य अरब होते आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध बाहेरच्या सत्तांनी ही वाटणी लादली. इस्रायलची बाजू अशी की, आपल्या पूर्वजांची ही भूमी. युरोपात साठ लाख यहुद्यांची कत्तल झाल्यावर हक्काचे घर मागायचे ते येथे नाही तर कोठे? १९४८ च्या युद्धात सात लाखांवर पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. १९६७ च्या युद्धात जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, गाझा आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात गेले. पॅलेस्टिनी जनतेला स्वतःचे राज्य मिळेपर्यंत इस्रायलला मान्यता नाही, ही पाकिस्तानची भूमिका आहे.

याशिवाय व्यवहाराचीही कारणे आहेत. लाखो पाकिस्तानी कामगार आखाती अरब देशांत राबतात आणि त्यांचा पैसा घरी येतो. देशातले लोकमत पॅलेस्टिनींच्या बाजूने तीव्र आहे. शिवाय काश्मीरचा मुद्दा आहे. आज इस्रायलचा ताबा मान्य केला तर उद्या काश्मीरवरचा आपला दावा कोणत्या तोंडाने मांडणार, असा युक्तिवाद तेथे केला जातो. पंतप्रधान इम्रान खान यांनी २०२० मध्ये तो उघडपणे मांडला होता.

गंमत अशी, की ज्या अरबांसाठी हा अबोला धरला, त्यांच्यातलेच काही देश पुढे बोलू लागले. इजिप्तने १९७९ मध्ये इस्रायलशी तह केला, जॉर्डनने १९९४ मध्ये. २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांनी संबंध जोडले. पाकिस्तानातही एकदा दार किलकिले झाले होते. इस्रायल गाझातून आपले सैन्य आणि वसाहती काढून घेत असताना, १ सप्टेंबर २००५ रोजी तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी आणि इस्रायलचे परराष्ट्रमंत्री सिल्व्हान शालोम यांची उघड भेट झाली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी न्यूयॉर्क येथे यहुदी श्रोत्यांसमोर भाषण केले. मात्र ही मान्यता नव्हे, हे पाकिस्तानने लगेच स्पष्ट केले, आणि पुढे ती बोलणी थंडावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर गाझात भीषण युद्ध झाले, आणि मने अधिकच कडवट झाली.

येथवर झाली सरकारांची गोष्ट. आता माणसांकडे वळू.

२००२ साली विम्बल्डनच्या टेनिस स्पर्धेत दुहेरीच्या सामन्यांत एक जोडी उतरली. एक खेळाडू पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी, दुसरा इस्रायलचा आमिर हदाद. दोघे तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचले. जगाने कौतुक केले. पाकिस्तानच्या क्रीडा अधिकाऱ्यांकडून मात्र बंदीची भाषा झाली. तरीही त्याच वर्षी अमेरिकेच्या स्पर्धेत ते पुन्हा एकत्र खेळले. पुढे दोघांना मिळून आर्थर अॅश यांच्या नावाचा मानवतेचा पुरस्कार देण्यात आला. चांगला जोडीदार हवा होता, तो मिळाला, एवढाच खेळाडूंचा हिशेब होता.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. कोकणातल्या मंडळींना ‘शनिवार तेली’ हे नाव ऐकून ठाऊक असेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक म्हणजे बेने इस्रायल समाज. धर्माने यहुदी, भाषेने मराठी. पेणकर, रोहेकर, नागावकर, झिराडकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे नोकरीधंद्यासाठी यांतली बरीच कुटुंबे मुंबईला गेली तशी कराचीलाही गेली. तेथे १८९३ मध्ये सॉलोमन डेव्हिड नावाच्या, नगरपालिकेत सर्व्हेअर असलेल्या गृहस्थांनी ‘मागेन शालोम’ हे प्रार्थनामंदिर बांधले. १९३६ मध्ये अब्राहम रूबेन हे यहुदी गृहस्थ कराची नगरपालिकेवर सभासद म्हणून आले. म्हणजे समाज तेथे चांगला रुजला होता.

१९४८ नंतर वारे फिरले. एकेक कुटुंब कराची सोडून भारतात, इस्रायलमध्ये, इंग्लंडात गेले. १९८८ मध्ये ते मंदिर पाडले गेले आणि त्या जागी दुकानांची इमारत आली. मेवाशाह कबरस्तानात त्या समाजाच्या कबरी मात्र अजून आहेत. इकडे इस्रायलमधील रामले गावी कराचीहून आलेल्या लोकांनी त्याच नावाचे प्रार्थनामंदिर उभारले.

आता समजा, एकाच गावचे दोघे भाऊ होते. एक मुंबईस गेला, दुसरा कराचीस. दोघांची नातवंडे आज इस्रायलमध्ये राहतात. मुंबईवाल्याचा नातू परवाना काढून अलिबागला येतो, आजोबांचे घर बघतो, कबरीवर दगड ठेवतो. कराचीवाल्याच्या नातवाने तेच करायचे म्हटले, तर त्याच्या इस्रायली पासपोर्टावर पाकिस्तानात प्रवेश नाही. आजोबांची कबर त्याने छायाचित्रातच पाहायची. दोघांचे कूळ एक, भाषा एक. फरक पडला तो दोन सरकारांच्या निर्णयांमुळे.

मंडळी, मान्यता द्यावी की न द्यावी, हा पाकिस्तानच्या लोकांचा प्रश्न आहे. मान्यता रोखून धरल्याने समोरचा देश नाहीसा होत नाही, हे पाकिस्तानला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. १९७१ मध्ये बांगलादेश झाला, त्याला त्याने २२ फेब्रुवारी १९७४ पर्यंत मान्यता दिली नव्हती. तसेच मान्यता दिल्याने न्याय आपोआप होतो असेही नाही. पॅलेस्टिनी निर्वासिताचे दुःख वकिलातीवर झेंडा चढल्याने संपत नाही. त्यालाही आपल्या आजोबांच्या घराकडे जाता येत नाही, हे विसरून चालणार नाही. अबोल्याची किंमत अशी दोन्हीकडची साधी माणसे भरतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात नकाशा लावून अलिबाग, कराची आणि रामले या तीन ठिकाणी खुणा करा. मुलांना विचारा, या तिघांना जोडणारे कोण? आणि मग विचारा, आज यांतल्या कोणत्या दोन ठिकाणांमध्ये त्या नातवाला जाता-येता येते, आणि कोणत्या दोहोंत नाही. मान्यता म्हणजे काय, हे मुले मग सहसा विसरणार नाहीत.