उपासनेचें नित्यत्व

'उपासना' ह्या शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणें असा आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'आस्' म्हणजे बसणें. वर्षांतून एकदां, नाताळाच्या दिवशीं, नवीं वस्त्रें लेवून देवालयांत येणारा मनुष्य देवाला भेटून जातो. त्याच्याजवळ बसत नाहीं.

शाळेच्या वसतिगृहांत प्रार्थनेची घंटा होते आणि सर्व मुलें जमतात. ही शिस्त चांगली आहे. परंतु तिची खरी परीक्षा वसतिगृहांत होत नाहीं. शिक्षण संपवून विद्यार्थी नोकरीसाठीं परगांवीं गेला, म्हणजे घंटा वाजविणारा कोणी राहत नाहीं. पहिल्या रविवारीं प्रकृतीचें निमित्त होतें, दुसऱ्या रविवारीं पाहुणे येतात, आणि तिसऱ्या रविवारीं निमित्ताचीही गरज उरत नाहीं. त्याची श्रद्धा कोणी हिरावून घेतलेली नसते. न वापरलेल्या विळ्याप्रमाणें ती गंजून गेलेली असते.

कित्येक विचारतात, "मनांत भाव नसतां केवळ संवयीनें जाणें हें ढोंग नव्हे काय?" ह्याचें उत्तर लूकाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत आहे. शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जाण्याची प्रभु येशूची रीत होती, असें तेथें सांगितलें आहे. पित्याशीं ज्याचा अखंड सहवास होता, त्यानेंही ही रीत मोडली नाहीं. पाऊस शेतकऱ्याच्या हातीं नसतो. पण मृगापूर्वीं जमीन नांगरून ठेवणें त्याच्या हातीं असतें. भाव हा पावसासारखा आहे आणि नित्यनेम हा नांगरटीसारखा.

ह्याचें उत्तम उदाहरण पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें घडलें. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत इ. स. १९०५ च्या जानेवारींत, मंडळींत नवी जागृति व्हावी म्हणून, दररोज एकत्र प्रार्थना करण्यास कोण तयार आहे, असें बाईंनीं विचारलें. सुमारें सत्तर जणी पुढें आल्या. हळूहळू आणखी मुली येऊं लागल्या. जूनच्या अखेरीस जी मोठी जागृति झाली, तिच्या आरंभीं साडेपांचशें जणी दिवसांतून दोनदां प्रार्थनेस जमत होत्या. पुढें तेथील मुली शुभवर्तमान सांगण्यास गांवोगांवीं गेल्या. लोक जूनमधील जागृतीचें वर्णन करितात. पण जानेवारीपासूनचे ते पांच महिने विसरतां कामा नयेत. रमाबाईंनीं स्वतः पवित्र शास्त्राचें सुबोध मराठी भाषांतर अशाच चिकाटीनें, अनेक वर्षें श्रमून, इ. स. १९२२ मधील आपल्या मृत्यूपूर्वीं पुरें केलें.

नित्यनेमाबरोबर आणखी एक गोष्ट अवश्य आहे. उपासना आपल्या अंतःकरणाच्या भाषेंत झाली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं दहा हजारांहून अधिक ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचिलें व तें इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांतील राचोल येथें छापलें गेलें. परक्या देशांतून आलेल्या ह्या धर्मगुरूनें ओवीचा आश्रय केला, कारण तीच ओवी श्रोत्यांच्या कानांत लहानपणापासून घोळत होती. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं अभंग, भजन व कीर्तन ह्यांच्या द्वारें मराठी मंडळीच्या मुखीं तिचें स्वतःचें गीत दिलें. जें गीत स्वयंपाक करितांना किंवा शेतांतून परततांना सहज ओठांवर येतें, तें रविवार व सोमवार ह्यांच्यामध्यें पूल बांधतें.

आतां प्रत्येकास करितां येण्याजोग्या कांहीं गोष्टी सांगतों. उपासना सुरू होण्यापूर्वीं येऊन शांत बसावें. गीत दुसऱ्यावर न सोंपवितां स्वतः गावें. घरीं रोज थोडा वेळ सर्वांनीं मिळून शास्त्रवाचन करावें. आणि जो भाऊ अथवा जी बहीण दोन रविवार दिसली नाहीं, तिच्या घरीं जाऊन विचारपूस करावी. दोष देण्यासाठीं नव्हे, तर तिची जागा रिकामी राहिल्याचें आपणांस जाणवलें, हें तिला कळावें म्हणून. पुष्कळदां आजार, कर्ज किंवा मंडळींतील एखादा कठोर शब्द हेंच गैरहजेरीचें खरें कारण असतें, आणि पाळकांच्या उपदेशानें जें साधत नाहीं, तें अशा एका भेटीनें साधतें.

विद्यार्थिमित्रहो, एक दिवस शाळेची घंटा तुमच्यासाठीं वाजण्याची थांबेल. तोंपर्यंत ती तुमच्या अंतःकरणांत वाजूं लागली, तर तुम्हीं जेथें जाल तेथील मंडळी तुमच्यामुळें जागी राहील.