सुई लावून आणलं, तरी मांजर बसूनच आहे? दवाखान्यात पुन्हा कधी न्यायचं, ते असं ठरवा

जामसांवली (जि. पांढुर्णा) : गाय किंवा बैल चारा सोडतो, तेव्हा घरातलं कोणी "पाहू न उद्या" म्हणत बसत नाही. मांजराचं तसं नाही. एकदा दवाखान्यात नेलं, सुई लावली, गोळ्या आणल्या की काम झालं असं आपण धरून चालतो. मग मांजर दोन दिवस पलंगाखाली बसून राहिलं तरी "आराम करतंय" म्हणून सोडून देतो. बरीच मांजरं पहिल्या दिवशी दवाखान्यात न नेल्यामुळे नाही, तर या दोन दिवसांत हातची जातात.

दुखणं लपवणं हा मांजराचा स्वभाव आहे. कुत्रा कण्हतो, जवळ येतो. मांजर कोपरा धरतं आणि गप्प होतं. म्हणून "शांत आहे" याचा अर्थ "बरं आहे" असा घेऊ नये. दुसरी फेरी कधी करायची ते चेहरा पाहून ठरत नाही. ते चार गोष्टींवर ठरतं : खाणं, पाणी, लघवी आणि श्वास.

आधी मांजर घरात ठेवा

आपल्याकडची मांजरं दिवसभर शेतात, कौलांवर, गोठ्यात फिरतात. त्यामुळे त्यांनी खाल्लं का, लघवी केली का, हे कोणालाच माहीत नसतं. दवाखान्यातून आणल्यावर निदान तीन दिवस त्याला एका खोलीत ठेवा. घमेल्यात वाळू किंवा कोरडी माती घाला आणि पाणी व खाणं त्यापासून लांब ठेवा. किती खाल्लं, वाळू किती वेळा ओली झाली, उलटी किती वेळा झाली, हे कागदावर लिहा. डॉक्टरांना तुमच्या अंदाजापेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होतो.

थांबायचंच नाही, अशा वेळा

पुढचं काही दिसलं तर गोळ्या संपायची किंवा सोमवार उजाडायची वाट पाहू नका.

- बोका वाळूत वारंवार बसतो, जोर लावतो, ओरडतो, पण थेंबच येतो किंवा काहीच येत नाही. लोक याला बद्धकोष्ठ समजतात. बहुतेक वेळा लघवीची वाट बंद झालेली असते. बोक्याची मूत्रनळी बारीक असते, त्यात खडे किंवा चिकट गोळा अडकतो. लघवी तुंबली की रक्तात विष आणि पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत बोका दगावतो. इथे हिशेब तासांचा आहे.
- तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, किंवा श्वासाबरोबर पोट जोरात हलतं. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला साधारण 30 च्या आत असतात. 40 च्या वर जात असतील तर लगेच निघा.
- हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसतात.
- झटके येतात, तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं. संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीवर फवारणी झाली असेल तर मांजर अंग चाटताना औषध पोटात घेतं. जाताना औषधाच्या डब्याचा किंवा बाटलीचा फोटो सोबत न्या.
- मागचे पाय अचानक लुळे पडले आणि थंड लागतात.

24 तास आणि 48 तास

मोठ्या मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. 48 तास झाले तर न्यायलाच हवं, मग ताप असो वा नसो. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत काम सोडतं. जाड मांजराला हा धोका जास्त असतो. म्हणजे मूळ आजार साधा असला तरी उपासच जीवावर येतो. आपण माणसांना "लंघन कर" म्हणतो, ते मांजराला लागू करू नका.

पिल्लाचा हिशेब वेगळा आहे. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू अर्धा दिवस जेवलं नाही, उलट्या-जुलाब सुरू झाले, की त्याच दिवशी न्या. लस न झालेल्या पिल्लांमध्ये पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. त्यात अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

पाणी कमी झालं का, हे घरीही पाहता येतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही, हिरड्या ओल्या न राहता चिकट लागल्या, तर सलाईनची गरज असू शकते. प्यालेलं पाणीही उलटून पडत असेल तर तोंडाने गोळ्या देत बसण्यात अर्थ नाही.

औषध चालू आहे, मग किती थांबायचं?

अँटिबायोटिक सुरू केल्यावर दोन ते तीन दिवसांत फरक दिसायला हवा. पूर्ण बरं वाटणं नाही, पण खाण्याकडे तोंड वळवणं, अंग चाटायला लागणं, एवढं तरी. 72 तासांनी काहीच बदल नसेल तर औषध बदलायचं की तपासणी करायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. बरं दिसलं म्हणून मधेच गोळ्या बंद करू नका. मांजर प्रत्येक गोळी थुंकत असेल, तर ते उपचार झालेच नाहीत असं समजा आणि दुसरा मार्ग विचारा.

बोक्यांच्या भांडणातल्या चाव्यावर वरून कातडी बुजते आणि आत पू साठतो. पू काढून आणल्यावर पुन्हा सूज आली तर परत न्या. नसबंदीनंतर टाक्यांतून पाणी-पू आला, टाका उसवला, तरी तेच.

एक बाब बरं दिसत असतानाही परत नेण्याची आहे. मांजराने उंदराचं औषध किंवा ते खाल्लेला उंदीर खाल्ल्याची शंका असेल, तर काही औषधांचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसतो. तोवर मांजर खेळत असतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. डॉक्टरांनी दिलेली तारीख इथे चुकवू नका.

घरातली गोळी देऊ नका

ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल देणं म्हणजे मांजराला विष देणं. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांची पावडर किंवा थेंब मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन त्याला सोसत नाही. चुकून दिलं गेलं असेल तर न लाजता डॉक्टरांना सांगा. त्यावरच उपचार ठरतो.

सीमेवरचा हिशेब : अंतर धरून ठरवा

जामसांवली-सौंसर भागातल्या लोकांना हा निर्णय शहरातल्या माणसापेक्षा आधी घ्यावा लागतो. आपल्याकडचे पशु चिकित्सालय असो की पलीकडे महाराष्ट्रातला पशुवैद्यकीय दवाखाना, तिथलं मुख्य काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं. रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी लागली तर बहुतेकांना नागपूर गाठावं लागतं. तिथे सेमिनरी हिल्सवर 1958 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ जबलपूरला, म्हणजे कितीतरी लांब. सौंसरहून नागपूर सुमारे 65 किलोमीटर आहे. मंगळवारी-शनिवारी जामसांवलीच्या रस्त्यावर भाविकांच्या गाड्या असतात, तो वेळही धरा.

म्हणून पहिल्याच फेरीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : फरक कधीपर्यंत दिसायला हवा? काय दिसलं तर लगेच यायचं? दवाखाना बंद असताना कुठे जायचं? उत्तरं त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. संध्याकाळी चारला शंका आली आणि रात्री साधन मिळणार नसेल, तर चारलाच निघा. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा 1962 हा क्रमांक मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो. गाडी मांजर पाहील का, हे फोनवरच विचारून घ्या.

नेताना मांजर हातात धरून मोटरसायकलवर बसू नका. भोकं पाडलेला खोका किंवा झाकणाची टोपली घ्या, आत जुनं कापड घाला. उन्हाळ्यात सकाळीच निघा. घाबरलेलं मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि माणसांच्या दवाखान्यात रेबीजच्या लसीबद्दल त्याच दिवशी विचारा.

दुसऱ्या फेरीचा खर्च आणि दिवस दोन्ही जातात, हे खरं आहे. पण फोन करून "असं असं झालंय, आणू का?" विचारायला काही लागत नाही. कागदावरच्या नोंदी समोर ठेवून विचारलं तर डॉक्टरही नेमकं सांगू शकतात, आणि थांबायचं की निघायचं ते तुम्हाला अंधारात ठरवावं लागत नाही.