वरच्या मजल्यावरचा दिवा

धुळ्यात पत्ता विचारा, आधी गल्लीचा नंबर सांगतील! माझे बालपण अशाच एका गल्लीत गेले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानाची फळी लागली, की ओट्यावर गप्पा रंगत.

कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले. व्यापाऱ्यांना बोलावले, घरांसाठी बिनसाऱ्याच्या जागा दिल्या, बांधायला कर्जाऊ पैसेही दिले. उतरती कळा लागलेले गाव पुन्हा नांदू लागले.

आज त्या गल्लीत दिवसा पाय ठेवायला जागा नसते. रात्री मात्र वरचे मजले अंधारात. तिथे गोदामे झाली आहेत. आम्हीही पांझरेपलीकडे देवपुरात राहायला गेलो, दोष कुणाला द्यायचा?

आग्रा रोड जरूर सुधारा. पण ब्रिग्जने आधी माणसे वसवली होती. वरच्या खिडकीत पुन्हा दिवा लागेल, तेव्हाच पेठ जगली म्हणायची!