वायपर व काच धुण्याची यंत्रणा (मोटारगाडी)

वायपर हे मोटारगाडीच्या पुढील काचेवरील पाणी, धूळ व चिखल दूर करणारे साधन आहे. त्याच्या जोडीला काचेवर पाण्याचा फवारा मारणारी यंत्रणा असते. हाताने चालविण्याच्या वायपरचे एकस्व अमेरिकेत मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये मिळाले. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ वायपरविषयी आहे.

रचना व कार्य
विजेच्या मोटरची गोल गती जोडदांड्यांमुळे मागेपुढे होणाऱ्या गतीत बदलते आणि भुजांना बसविलेली रबरी पाती काच पुसतात. काच धुण्याच्या यंत्रणेत टाकी, विजेवर चालणारा छोटा पंप, नळी व नोझल हे भाग असतात.

हवामानाचा परिणाम
वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५° से.च्या आसपास जाते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पात्यांचे रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. पण त्या काळात वायपर क्वचितच लागत असल्याने हा बिघाड जूनमधील पहिल्या पावसातच लक्षात येतो. काळ्या मातीचा चिखल पुढील वाहनाच्या चाकांमुळे काचेवर उडतो व कोरड्या पात्याने तो पसरतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाच्या नागपूर–शिर्डी टप्प्याचा काही भाग या जिल्ह्यातून जातो. ताशी १०० किमी वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. त्यामुळे काही क्षण काच धूसर राहणेही धोक्याचे ठरते. म्हणून ही तपासणी मेअखेरीस करणे हिताचे असते.

देखभाल
पाती ओल्या फडक्याने पुसावीत व कोरड्या काचेवर चालवू नयेत. चिरलेले पाते त्याच मापाच्या नव्या पात्याने बदलावे. पाते काढताना काचेवर जाड कापड अंथरावे. अन्यथा स्प्रिंगच्या ताणाने भुजा आपटून काच तडकू शकते. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील क्षार नोझलमध्ये साचतात. त्यामुळे टाकीत क्षारविरहित पाणी व काचेसाठीचे द्रावण घालावे. टाकी रिकामी असताना पंप चालवू नये.

बिघाड व दुरुस्ती
काचेवर रेघा उमटत असल्यास रबर मळलेले किंवा झिजलेले असते. पाते थरथरत असल्यास काचेवरील तेलकट थर काढावा. तरीही फरक न पडल्यास भुजा वाकली आहे का ते पाहावे. मोटरचा आवाज येऊनही पाती हलत नसतील, तर भुजेचा नट सैल झालेला किंवा जोडदांडा निसटलेला असतो. आवाजच येत नसेल, तर प्रथम फ्यूज, नंतर रिले आणि शेवटी मोटर तपासावी. पंपाचा आवाज येऊनही फवारा येत नसल्यास टाकीतील पाणी व नळीचे सांधे पाहून नोझल बारीक टाचणीने साफ करावे. जोडदांड्यांचे काम करताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, कारण यंत्रणा अचानक सुरू झाल्यास बोटे चिरडू शकतात.