तुसातले पाच गुंठे

मुळशीत आंबेमोहोर कापायला उतरलात की भाताची पात हाताला चरचरून ओरखडे काढते. का बरं बाळांनो? पातीत वाळूचंच द्रव्य असतं म्हणून. सिलिका! ताम्हिणी घाटातला पाऊस काळ्या पाषाणातून झिरपताना ती थोडी थोडी विरघळवून आणतो. भाताची मुळं ती पितात. पाणी पानांतून उडून जातं, सिलिका मागे राहते. तुसात तर ती खच्चून भरलेली. शंभर किलो तूस जाळलं की वीसेक किलो राख उरते, आणि त्या राखेत दहातले नऊ भाग सिलिका. पूर्वी त्याच राखेची राखुंडी करून दात घासत. दात चमकायचे, झिजायचेही.

ही राख कॉस्टिक सोड्यात उकळली की सिलिका पुन्हा पाण्यात उतरते. मग जपून आम्ल घालायचं. सिलिकाचे रेणू एकमेकांना धरतात, साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी होते, आणि भांड्यातलं पाणी दह्यासारखं घट्ट लागतं. काच वितळवायला दीड हजार अंशांची भट्टी लागते. इथे दगडाची जाळी गार पाण्यात उभी राहते! मला सगळ्यात नवल याचंच वाटतं.

खरी मारामारी पुढेच. आतलं पाणी काढायचं कसं? नुसतं वाळवलं तर जाता जाता पाणी छिद्रांच्या भिंती आत ओढतं आणि जाळी आक्रसते. तरी उरते ती काय कमी? एका ग्रॅममधल्या भिंती उलगडून अंथरल्या तर पाच-सहा गुंठे जमीन झाकेल. बुटांच्या खोक्यातल्या पुडीत मणी असतात ना, ते याच वाळलेल्या जाळीचे.

1931 साली अमेरिकेत सॅम्युअल किस्लरने युक्ती काढली. पाण्याच्या जागी अल्कोहोल भरलं आणि बंद भांड्यात दाबाखाली इतकं तापवलं की द्रव आणि वाफ हा भेदच मिटला. भिंतींना ओढणारं कुणी उरलं नाही. जाळी तशीच, आत नुसती हवा. हे एरोजेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. ए. वेंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तर पाण्याला टेकूच न देणारं एरोजेल केलं. 2004 साली स्टारडस्ट यानाने विल्ट-2 धूमकेतूची धूळ एरोजेलमध्येच झेलली, ती 2006 मध्ये पृथ्वीवर आली.

कॉस्टिक सोड्याशी घरी खेळू नका, कातडी भाजते. पुडीतले मणी तोंडात घालू नका, पण फेकूही नका. पुडी न फोडता बियाण्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओल ती शोषून घेईल.